मोजमाप वही

सकाळी सातला सुरुवात.
मेमध्ये दहानंतर लोखंडी टेप हातात धरवत नाही.
धरणगाव, पलटणीची जुनी कचेरी;
रिक्षावाल्याला नुसतं 'बंगला' म्हटलं की पुरतं.
खात्याला ठरवायचंय हिचं काय करायचं,
त्याआधी हवंय, ती किती आहे.

टेपच्या एका कडेला मीटर, दुसरीला फूट.
मीटरला ही इमारत जुळत नाही, शेपूट उरतं.
फुटांत लगेच कबूल होते:
लांबी एकशे शहाण्णव.
शून्याचं टोक गुमान मालचेच्या हातात,
चौकीदार, सव्वीस वर्षं, अजून रोजंदारीवर.

दर्शनी खांब आठ.
गोल, फुगीर, विलायती वळणाचे,
खालून बघताना टोपी पडावी इतके उंच.
बोटाच्या पेरानं टकटक केलं:
आत भाजकी वीट, वर चुन्याचा गिलावा, दगडाचं सोंग.
चुन्यात गूळ घातलाय म्हणतात, आणि बेलफळाचा गर.
मी जिभेला लावून बघितला.
गोड नाही.

कमानी तेरा. बारा सारख्या,
तेरावी चार बोटं बुटकी.
'गवंडी मरी गया व्हता,' गुमान म्हणाला,
'त्याना पोऱ्यानी पुरी करी.'
रकाना नव्हता, तरी लिहून घेतलं.

तुळया सागाच्या, सातपुड्यातून उतरवलेल्या.
त्याच वाटेनं माणसंही उतरवली,
गुमानच्या पणज्याचा बाप, दित्या, त्यांतलाच.
त्याला बंदूक दिली, महिन्याला पगार,
आणि काम असं, की काल ज्यांच्यासोबत
एका जाळावर ससा भाजला
त्यांना आज दोरानं बांधून आणायचं.
आणले त्याने?
गुमाननं टेप ताणून धरला,
म्हणाला, 'वाचा भाऊ आकडा.'

उत्तर भिंत. समोर केळीचे मळे,
त्यांच्यापार डोंगराची निळी रेघ.
सगळी भीती तिकडूनच यायची, असं शाळेत शिकलो.
जाडी तीस इंच.
पश्चिम, तीस. पूर्व, तीसला अर्धा कमी.
दक्षिण भिंत, मागची,
जिच्यापलीकडे पलटणीच्या लाइनी होत्या
(आता नुसते चौथरे, त्यांवर सीताफळी):
बावन्न.

चुकलो असेन.
खिडकीच्या गालापासून पुन्हा घेतलं.
बावन्न.
तिसऱ्यांदा, पाट्या हलवून, पालीला हुसकून:
बावन्न.
आणि छातीच्या उंचीला सात झरोके,
आतून सुपासारखे रुंद,
बाहेर, लाइनींकडे, जेमतेम तळहात.
मघापासून मी त्यांना हवेचे समजत होतो.

म्हणजे साहेब खुर्चीत डोंगराकडे तोंड करून बसायचा
आणि घाबरायचा पाठीमागे.
ज्यांना रोज सकाळी ओळीत उभं करून मोजायचा, त्यांना.

'तुम्हाला माहीत होतं?'
'आमले ठाऊक व्हतं.
माप तेवढं नव्हतं.'

पुढे पलटण गेली, पोलीस आले,
मग रेशनचा गहू, एक साल सरकीची पोती,
दर पाच वर्षांनी मतपेट्या, बंदुकीच्या पहाऱ्यात.
आता वटवाघळं.
त्यांची हजेरी कोणी घेत नाही.

पावणेदहा. टेप तापला.
गुमाननं मडक्यातलं पाणी फडक्यावर ओतून
पोळणाऱ्या पट्टीवरून फिरवलं, वाफ झाली.
मी वही उघडून बसलो:
दक्षिण भिंत, जाडी बावन्न इंच, कारण...
पेन तिथंच टेकलेलं.

तो वळसा घालून बाहेर गेला.
तिसऱ्या झरोक्यातून एक हात आत आला,
काळा, मनगटापर्यंत, मग अडकला.
बोटं हलली.
पलीकडून आवाज: 'लिखा भाऊ,
रुंदी, एक पंजा.'

लिहिलं.
फूट की मीटर, ते तसंच राहिलं.